अमेरिकन बिअर म्हणजे नुसतं पाणी? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात सिएरा नेवाडा या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, पेल एल नावाच्या बिअरबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर बिअरलाच द्यायचं ठरवलं. सगळी पत्रं घेणं शक्य नव्हतं, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न: ताई, माझा एक मित्र जर्मनीत शिकून आलाय, तो म्हणतो अमेरिकन बिअर म्हणजे बुडबुडे आलेलं पाणी. मी इथे सहा वर्षं राहतोय, मला तर आवडते, पण त्याच्यापुढे काय बोलावं सुचत नाही. (एक वाचक, मिलवॉकी)

अहो, तुम्ही मिलवॉकीत राहता आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही? उत्तर तुमच्या गावातच आहे की! १८४० नंतर जर्मन लोक मोठ्या संख्येनं इकडे आले, येताना लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) बनवायचं कसब घेऊन आले आणि पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर, ब्लॅट्झ ही सगळी नावं तुमच्याच गावातून मोठी झाली. त्यांची अडचण अशी झाली की इथे जी बार्ली पिकायची तिच्या कणसाला दाण्यांच्या सहा रांगा, प्रोटीन जास्त, त्यामुळे बिअर गढूळ व्हायची आणि जड लागायची, मग त्यांनी त्यात मका किंवा तांदूळ घालायला सुरुवात केली आणि रंगाला फिकी, अंगानं हलकी, काचेसारखी स्वच्छ अशी एक नवीनच लागर तयार झाली. ती जर्मन नव्हती, अमेरिकन होती. आणि एक गोष्ट मित्राला नक्की सांगा, अशी हलकी लागर बनवणं फार अवघड असतं, कारण काळ्या स्टाउटमध्ये छोटी चूक लपून जाते पण हिच्यात काहीच लपत नाही, जरा कुठे यीस्ट बिघडलं की पहिल्या घोटाला कळतं.

आता पाण्याबद्दल. १८७३ मध्ये या देशात ४,१३१ ब्रुअऱ्या होत्या. १९२० ला दारूबंदी आली, तेरा वर्षं चालली, आणि त्यात बहुतेक छोट्या ब्रुअऱ्या संपल्या. ज्या टिकल्या त्यांनी काय काय विकलं बघा, पेनसिल्व्हेनियाच्या पॉट्सव्हिलमधली युंगलिंग, जी १८२९ पासून चालू आहे आणि देशातली सगळ्यात जुनी ब्रुअरी आहे, तिनं आइस्क्रीमचा धंदा केला, कूर्सनं माल्टेड मिल्क विकलं. बंदी उठल्यावर मोठ्यांनी उरलेल्यांना गिळलं, चव दर वर्षी थोडी थोडी सौम्य होत गेली, सत्तरच्या दशकात लाइट बिअर आली आणि त्या दशकाच्या शेवटी अख्ख्या देशात शंभर ब्रुअऱ्यासुद्धा उरल्या नव्हत्या. तुमच्या मित्राच्या डोक्यात आहे ती त्या काळातली बिअर. आज ब्रुअऱ्या नऊ हजारांच्या पुढे आहेत, त्याला एक शनिवार-रविवार बोलवा आणि फिरवा.

प्रश्न: मग हे बदललं कुणामुळे? एक नाव सांगायचं तर कुणाचं सांगाल? (एक वाचक, सॅन होजे)

एक नाव नाही सांगणार, तीन सांगते, आणि तिघंही तुमच्याच कॅलिफोर्नियातले.

पहिला फ्रिट्झ मेटॅग. वॉशिंग मशिनवाल्या मेटॅग घराण्यातला हा तरुण मुलगा, त्याला सॅन फ्रान्सिस्कोची अँकर स्टीम बिअर आवडायची आणि त्याला कळलं की ती ब्रुअरी बंद पडतेय, तर त्यानं १९६५ मध्ये तिचा ५१ टक्के हिस्साच विकत घेतला. स्टीम बिअर म्हणजे काय तर यीस्ट लागरचं, पण आंबवायचं एलसारखं जरा उबदार हवेत, कारण जुन्या काळी तिथे बर्फाची सोय नव्हती. परिस्थितीनं घडवलेली ही चव मेटॅगनं वाचवली, आणि वर १९७५ मध्ये लिबर्टी एल काढली जिच्यात एकच अमेरिकन हॉप भरभरून घातला होता. अँकर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा मी खरंच रडले होते. २०२४ मध्ये तिला नवीन मालक मिळाला, हमदी उलुकाया, तेच चोबानी दहीवाले, आणि मी वाट बघतेय.

दुसरा जॅक मॅकऑलिफ. हा नेव्हीत होता, स्कॉटलंडला पोस्टिंग होतं, तिथल्या एल पिऊन परत आला आणि इथे तसं काहीच मिळेना म्हणून १९७६ मध्ये सोनोमाला स्वतःच न्यू अल्बियन नावाची ब्रुअरी उभी केली. एवढ्या छोट्या ब्रुअरीसाठी लागणारी भांडी तेव्हा कुणी बनवतच नव्हतं, तर यानं सिरपचे टाकाऊ ड्रम आणि डेअरीचं जुनं सामान गोळा करून स्वतः वेल्डिंग करून सगळं बनवलं. बिअर चांगली होती पण इतक्या छोट्या प्रमाणात हिशेब जमेना, बँका पैसे देईनात, १९८२ मध्ये बंद पडली. फक्त सहा वर्षं! पण त्या सहा वर्षांत जी माणसं ती बघायला गेली त्यांच्यात तिसरं नाव होतं, केन ग्रॉसमन.

ग्रॉसमन चिकोला घरी बिअर बनवायच्या सामानाचं दुकान चालवायचा. त्यानं आणि पॉल कामुसीनं १९७९ मध्ये सिएरा नेवाडा काढली, पुन्हा तेच, डेअरीच्या टाक्या, हातानं केलेली जोडणी. पहिली बिअर नोव्हेंबर १९८० मध्ये शिजली. पेल एलच्या सुरुवातीच्या बॅचेस मनासारख्या येईनात म्हणून एकामागून एक ओतून दिल्या, खिशात पैसे नसताना, हे मला फार मोठं वाटतं. आज ती हिरवट लेबलची बाटली कुठल्याही किराणा दुकानात मिळते म्हणून आपण तिच्याकडे बघतसुद्धा नाही, पण या महिन्यात एकदा घ्या, ग्लासात ओता आणि आधी वास घ्या.

प्रश्न: बिअरला ग्रेपफ्रूटचा वास येतो तो फळांचा रस घातल्यामुळे का? माझ्या मिस्टरांचं आणि माझं यावर भांडण झालंय. (एक वाचक, सिअॅटल)

भांडण तुम्ही जिंकलात की हरलात ते मला माहीत नाही, पण रस नसतो. (फ्रूट बिअर हा प्रकार वेगळा, त्यात घालतात.) तो वास हॉप्सचा. हॉप म्हणजे वेलीवरची हिरवी फुलं, बोटाएवढी, आतमध्ये पिवळी चिकट पूड असते आणि सगळी जादू त्या पुडीत. तुमच्या राज्यात यकिमा खोरं आहे ना, देशातले साधारण तीन चतुर्थांश हॉप्स तिथून येतात.

आता गंमत वेळेची आहे. माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) गोड पाणी, त्याला वर्ट म्हणतात, ते तासभर उकळतात. हॉप्स सुरुवातीला घातले तर उकळून उकळून त्यांच्यातला कडूपणा पाण्यात उतरतो पण वास सगळा वाफेबरोबर उडून जातो. शेवटच्या पाच मिनिटांत घातले तर कडूपणा कमी, वास जास्त. आणि उकळणं, गार करणं सगळं झाल्यावर आंबताना किंवा नंतर घातले तर नुसता वास, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आपण कोथिंबीर भाजी उतरवल्यावर का घालतो, तसंच.

आणि ग्रेपफ्रूटचा तो खास वास ज्या हॉपनं जगाला दाखवला तो कॅस्केड. ओरेगनच्या कॉर्व्हॅलिसला सरकारी शेतीखात्याच्या संशोधनातून तयार झाला आणि १९७२ मध्ये बाजारात आला. युरोपातले हॉप्स कसे, फुलांसारखे, मसाल्यासारखे, जरा सभ्य, आणि हा एकदम लिंबू-संत्र्याच्या सालीसारखा, पाइनच्या झाडासारखा. लिबर्टी एलमध्ये हाच, सिएरा नेवाडाच्या पेल एलमध्येही हाच. नंतर सेंटेनियल, सिमको, सिट्रा, मोझॅक आले, कुणाला आंब्याचा वास, कुणाला पॅशन फ्रूटचा, पण दार उघडलं कॅस्केडनं.

तुम्ही यकिमापासून अडीच-तीन तासांवर आहात तर एक काम कराच, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर हॉप्सची तोडणी असते, तेव्हा वेलीवरून काढलेले हॉप्स न वाळवता चोवीस तासांच्या आत कढईत टाकून फ्रेश हॉप बिअर बनवतात. ती वर्षातून एकदाच आणि थोडेच दिवस मिळते. हिरवी, ओल्या गवतासारखी चव. मी दर वर्षी त्या महिन्याची सुट्टी आधी टाकून ठेवते.

प्रश्न: वेस्ट कोस्ट आयपीए आणि हेझी आयपीए, फरक काय? दोन ओळींत सांगा. (एक वाचक, ऑस्टिन)

(आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स भरपूर घातलेली.) वेस्ट कोस्ट स्वच्छ, कोरडी, कडू, पाइन आणि सालीचा वास. हेझी गढूळ, मऊ, ओट्स आणि गव्हामुळे तोंडात जाड लागणारी, कडूपणा कमी आणि फळांचा वास जास्त, हिचं मूळ व्हरमाँटकडचं.

दोन ओळी झाल्या, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हरमाँटच्या वॉटरबरीत द अल्केमिस्ट नावाचा छोटा ब्रूपब (स्वतःची बिअर तिथेच बनवणारा पब) होता, त्यांची हेडी टॉपर फक्त तिथेच नळावर मिळायची. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला, आणि नेमकं त्याच सुमारास त्यांचं कॅन भरायचं नवीन युनिट सुरू होत होतं, ते वाचलं. मग ती बिअर कॅनमधून बाहेर पडली आणि लोक राज्यं ओलांडून ती घ्यायला यायला लागले.

प्रश्न: मी डाएट करतोय, बिअरमध्ये कॅलरी किती? (एक वाचक, अटलांटा)

अल्कोहोलचा टक्का बघा, तो जितका जास्त तितक्या कॅलरी जास्त, रंगाचा संबंध नाही. काळी आहे म्हणून जड असेल असं धरून चालू नका.

प्रश्न: दुकानातून आणलेली आयपीए मला टॅपरूमसारखी, म्हणजे ब्रुअरीच्या स्वतःच्या बारमधल्यासारखी, लागत नाही. दुकानदार फसवतो का? (एक वाचक, शार्लट)

फसवत नसेल, पण तारीख बघितली का? कॅनच्या बुडाला पॅकिंगची तारीख छापलेली असते, आयपीए असेल तर दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनी घेऊच नका, हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो आणि मग नुसता कडूपणा आणि गोडसर माल्ट उरतं. उबदार जागी ठेवली तर आणखी लवकर. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीवर उजेड पडला की हॉप्समधल्या कडू घटकांपासून एक गंधकाचं संयुग तयार होतं, त्याचा वास स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा येतो, तपकिरी बाटली बऱ्यापैकी वाचवते आणि कॅन तर पूर्णच. कॅन म्हणजे हलका माल हा समज २००२ मध्ये कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूजनं डेल्स पेल एल कॅनमध्ये भरून मोडला. फ्रिजमध्ये ठेवा, ताजी प्या, ग्लासात ओता. गोठवलेला ग्लास मात्र नको हो, जीभ बधिर होते, चव लागत नाही.

प्रश्न: नमस्कार ताई, मी नुकतीच एमएसला आलेय, बावीस वर्षांची आहे, सगळे टॅपरूमला जातात, मला जायचंय पण काय मागायचं कळत नाही, हसतील म्हणून गेले नाही. (एक विद्यार्थिनी, फोर्ट कॉलिन्स)

अगं, तू फोर्ट कॉलिन्सला आहेस, बिअरसाठी याहून चांगलं गाव शोधून सापडणार नाही! कुणीही हसत नाही गं. काउंटरवर जा, आयडी म्हणून खरा पासपोर्ट ने, फोनमधला फोटो चालत नाही, एकवीसची अट इथे कडक पाळतात. मग सरळ फ्लाइट माग. लाकडी पट्टीवर चार-पाच छोटे ग्लास येतात, प्रत्येकात साधारण चार-पाच औंस, आणि त्यात काय घ्यायचं ते बोर्डवर बघून तू ठरवायचं. माझं म्हणशील तर पहिल्यांदा पिल्सनर किंवा कोल्श, मग पेल एल, मग अँबर, शेवटी स्टाउट, हलक्याकडून जडाकडे जायचं. आधीच डबल आयपीए (आयपीएपेक्षाही कडक) घेतलीस तर पुढचं काही लागणारच नाही.

टक्का प्रत्येक नावाखाली लिहिलेला असतो, साडेचार आणि नऊ यात खूप फरक आहे, तो वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नकोस. न आवडणारी बिअर उरली तर उरू दे. काउंटरमागच्या माणसाला विचार, आज तुला स्वतःला कुठली आवडलीय, आणि त्याचा चेहरा बघ कसा खुलतो. दर ग्लासामागे डॉलरभर टिप ठेवायची पद्धत आहे. जाताना कार घेऊन जाऊ नकोस. आणि मैत्रिणींपैकी कुणी पीत नसेल तर तिलाही ने, बऱ्याच ठिकाणी घरची रूट बिअर (नावालाच बिअर, अल्कोहोल नसतं) असते, किंवा अर्ध्या टक्क्याच्या आतली बिअर, अॅथलेटिकसारख्या कंपन्या आता फक्त तेच बनवतात आणि त्यांची आयपीए खरंच चांगली असते, नावाला बनवलेली वाटत नाही.

प्रश्न: थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर कुठली बिअर? घरात सगळे वाइनवाले आहेत. (एक वाचक, एडिसन)

अँबर लागर किंवा ब्राउन एल. टर्कीची भाजलेली साल आणि भाजलेलं माल्ट, वास एकाच घराण्यातले आहेत. वाइनमध्ये भाजलेपणा नसतो, तिथे बिअर पुढे जाते. पंपकिन पायबरोबर पंपकिन एल असं लोक करतात पण मला ते गोडावर गोड होतं, मी पायबरोबर स्टाउट देते. पंपकिन एलची मजा वेगळी आहे, वसाहतींच्या काळात माल्ट मिळेना तेव्हा लोक भोपळा आंबवायचे, आणि १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या हेवर्डमधल्या बफेलो बिल्स ब्रुअरीनं ती कल्पना परत आणली. पंपकिन एल जेवणाआधी घ्या.

प्रश्न: घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे का? बेसमेंट रिकामं आहे आणि हात शिवशिवताहेत. (एक वाचक, कोलंबस)

आहे, आणि बनवाच. दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला परवानगी मिळाली पण घरची बिअर राहून गेली, ती तब्बल पंचेचाळीस वर्षं बेकायदा होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली, फेब्रुवारी १९७९ पासून लागू झालं. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे होते, मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ मध्ये तयार झाले. आज ज्या ब्रुअऱ्यांची नावं आपण घेतो त्यातले कितीतरी मालक आधी घरच्या गॅसवर शिकले, त्या सहीशिवाय हे सगळं झालं असतं असं मला वाटत नाही. २०११ मध्ये तर व्हाइट हाउसमध्येच बिअर बनली, तिथल्याच पोळ्यांचा मध घालून, आणि पुढच्या वर्षी रेसिपी सगळ्यांसाठी जाहीर केली.

पहिल्यांदा पाच गॅलनचं किट घ्या, माल्ट एक्स्ट्रॅक्टवालं (माल्टचा तयार अर्क असलेलं), आणि साधी पेल एल करा. दोन गोष्टींकडे लक्ष द्या बाकी सगळं माफ आहे. एक, उकळल्यानंतर वर्टला जे जे लागणार ते सगळं सॅनिटाइझ झालेलं हवं, चमचा, नळी, झाकण, तुमचे हात. दोन, तापमान, अठरा ते वीस सेल्सिअस, म्हणून तुमचं बेसमेंट सोन्यासारखं आहे. माझी पहिली बॅच मी वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात ठेवली होती, यीस्ट तापलं आणि बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, पाच गॅलन मोरीत ओतली. दुसरी बॅच खाली ठेवली. तिची पहिली बाटली उघडताना तो फुस्स आवाज आला आणि वर पांढरा फेस चढला, तो क्षण मला अजून तसाच आठवतो. आंबायला दोन आठवडे द्या, मग पाच गॅलनला साधारण सव्वाशे ग्रॅम साखर मिसळून बाटल्या भरा, पुन्हा दोन आठवडे थांबा. आंबणं पुरतं थांबायच्या आत बाटल्या भरू नका, फुटतात.

प्रश्न: डेन्व्हरच्या बिअर फेस्टिव्हलला जाऊ का? तिकीट महाग वाटतंय. (एक वाचक, फिनिक्स)

ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल ना? एकदा तरी जा. १९८२ मध्ये बोल्डरला छोट्या प्रमाणात सुरू झालं, चार्ली पपाझियन यांनी केलं, तेच ज्यांनी होमब्रुअर्सची देशव्यापी संघटना उभी केली. तिथे एका वेळी एकच औंस ओततात, म्हणजे तीस मिलीच्या आसपास, त्यामुळे डोकं ताळ्यावर ठेवून खूप चवी बघता येतात. लोक गळ्यात प्रेटझेलच्या माळा घालून फिरतात, मध्ये मध्ये एक तोडून खायचा. कुणाच्या हातून ग्लास पडला की अख्खा हॉल ओरडतो. मोठ्या नावांच्या रांगेत वेळ घालवू नका, ज्या गावाचं नाव कधी ऐकलं नाही त्या टेबलाशी थांबा, बहुतेक वेळा ज्यानं बनवली तोच ओतत असतो.

प्रश्न: बिअरचा म्हणून काही सण असतो का अमेरिकेत? (एक वाचक, सेंट लुईस)

७ एप्रिल. १९३३ मध्ये त्या दिवशी वजनानं ३.२ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर परत कायदेशीर झाली, पूर्ण दारूबंदी डिसेंबरमध्ये उठली पण बिअर आधी सुटली. तुमच्या गावच्या अनहायझर-बुशनं त्यानिमित्त क्लाइड्सडेल घोड्यांची गाडी जुंपली होती आणि न्यूयॉर्कला एम्पायर स्टेट बिल्डिंगपाशी दारूबंदीला विरोध करणारे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांना बिअर पोचवली होती. त्या दिवशी गावातल्याच ब्रुअरीची लागर घ्या.

प्रश्न: एवढ्या ब्रुअऱ्या, एवढी स्पर्धा, तरी हे लोक एकमेकांचे मित्र कसे? हे खरं असतं की दाखवायचं? (एक वाचक, बोस्टन)

मी जेवढं बघितलंय त्यावरून खरं असतं. २००८ मध्ये हॉप्सचा प्रचंड तुटवडा पडला होता, तेव्हा तुमच्या बोस्टन बिअर कंपनीनं, सॅम्युएल अॅडम्सवाली, स्वतःच्या साठ्यातले २०,००० पाउंड हॉप्स छोट्या ब्रुअऱ्यांना खरेदीच्या भावात दिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिकोजवळ कॅम्प फायरचा वणवा पेटला, पॅरडाइज गाव जळून गेलं, सिएरा नेवाडाच्या कितीतरी कामगारांची घरं गेली. त्यांनी रेझिलियन्स नावाच्या आयपीएची रेसिपी सगळ्यांना दिली आणि म्हणाले बनवा, विका, पैसे मदतीला पाठवा. हजाराहून जास्त ब्रुअऱ्यांनी ती बनवली. एकच बिअर, देशभर, एकाच हिवाळ्यात. मी तिचे चार वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांचे ग्लास प्यायले आणि चारही थोडे थोडे वेगळे होते.

आणि वर मॅकऑलिफची गोष्ट अर्धी सांगितली होती ना, ती इथे पुरी करते. न्यू अल्बियन बंद पडल्यावर ते नाव पुढे जिम कोक यांच्या बोस्टन बिअरकडे आलं होतं. तीस वर्षांनी कोक यांनी मॅकऑलिफना बोलावलं, डेव्हिसच्या विद्यापीठानं मूळ यीस्ट जपून ठेवलं होतं ते आणलं, जुनी रेसिपी काढली, कॅस्केड घातला, आणि २०१३ मध्ये न्यू अल्बियन एल पुन्हा देशभर दुकानांत आली. नफा मॅकऑलिफना दिला. नंतर नावही परत केलं, आणि ते त्यांनी आपल्या मुलीला दिलं.